भिक्खुणीखालचा टेकू

वैशाखी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, सकाळच्या पहिल्या उन्हात, चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथील विहाराच्या अंगणात दिव्यानीने स्वतः घडवलेल्या कांस्यमूर्तीवरची ताडपत्री काढली आणि कपाळाला हात लावला. मूर्तीच्या पोटाखाली सागाचे लाकूड पुन्हा उभे होते.

मूर्ती होती एका भिक्खुणीची. ती हवेवर आडवी तरंगत होती. जमिनीशी तिचे नाते एवढेच, की चीवराचे एक टोक ओघळून चौथऱ्याला टेकले होते. सारा भार त्या टोकाने, आत दडवलेल्या पोलादी सळईच्या बळावर, पेलला होता. तृष्णा गळलेल्या माणसाला वजन उरत नाही, हे दिव्यानीला सांगायचे होते. आणि ते धातूसारख्या जड वस्तूतच सांगण्यात अर्थ होता. उद्या अनावरण. लाकूड राहिले तर लोकांना खाटेवर निजलेली बाई तेवढी दिसली असती.

हे काम कोणाचे, ते शोधायला लांब जावे लागले नाही. तिचे वडील, रामाजी, शेजारीच बोधिवृक्षाला पाणी घालत होते.

"बाबा, हे लाकूड तुमीच ठेवलं ना?"

"मंग कोन ठेवन? लेकरं खेळतेत इथी. पडली म्हंजे?"

"आतमंदी सळई हाये. दाखवली नव्हती काय तुमाले?"

"दाखवली. पन आता दिसून राह्यली काय? न दिसनाऱ्या टेकूवर माहा भरवसा नाई, माय."

रामाजींची उमेदीची वर्षे भुयारी कोळसाखाणीत छताला लाकडी टेकू देण्यात सरली होती. निवृत्तीनंतरही काही अधांतरी दिसले, की त्यांचे हात शिवशिवत. मांडवावरच्या प्रत्येक भोपळ्याला त्यांनी झोळी बांधली होती. "चंद्राले बी एखाद दिवशी टेकू देतीन हे," असे रुखमाबाई नवऱ्याविषयी म्हणत.

दिव्यानी वाद घालणार होती. त्या बाबतीत ती बापावरच गेली होती. पण वादात हरलेला बाप लाकूड घेऊन पुन्हा येणार, हेही ती जाणून होती. तिने कुंपणापलीकडच्या घरातून त्यांची जुनी काठी आणली. खाणीत याच काठीने ते छत ठोकून पाहत: खणखणीत वाजले तर खाली बसून डबा खायचा, बद्द वाजले तर पळायचे.

"घ्या. हे बी छतच समजा."

रामाजींनी चष्मा सावरला. भिक्खुणीला हात जोडून, "माफ कर वं माय," म्हणत ते वाकून तिच्याखाली शिरले. खांदा, पाठ, पोट असे ठोकत गेले. कांस्य घंटेसारखे घुमत राहिले.

"पोकळ हाये," ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले.

दिव्यानी लगेच पुढे सरली. "पोकळच ओतली, बाबा. आत काई नाई, म्हनून तर तरंगते."

"पन वाजते चांगली." त्यांनी दोन्ही हातांनी भिक्खुणीच्या खांद्याला धरून, पाय आखडून लोंबकळून पाहिले. ती हलली नाही. मग चीवराच्या टोकावर कान ठेवून बराच वेळ बसले. शेवटी त्यांनी लाकूड ओढून बाजूला टाकले आणि मूर्तीखालीच मांडी ठोकली.

"रुखमे! डबा आन माहा."

भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन रुखमाबाई आल्या नि थबकल्या. "अवो, तिथी काऊन घुसले? घर जळलं काय?"

रामाजी शांतपणे जेवू लागले. वरून भिक्खुणीची सावली त्यांच्या टकलावर पडली होती. दिव्यानी डोळे पुसत हसत होती.

"पोरीनं कशी बनवली ते तरी सांगा," रुखमाबाई म्हणाल्या.

रामाजींनी घास गिळला.

"पडत नाई."