नाकाच्या शेंड्यावरचा लाल

सासूबाईंच्या तोंडी एक म्हण कायमची मुक्कामाला होती: नाचता येईना, अंगण वाकडं. मुलानं गणित चुकून मास्तरांना नावं ठेवली, की ही म्हण. भाजी करपली आणि कुणी शेगडीला बोल लावला, तरी हीच. जुने फोटो संगणकावर दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून ती त्यांना शोभायचीही. पण आता नेमकी तीच त्यांच्या गळ्यात पडली होती.

झालं असं. सूनबाईची आई वारली. मागं तिचा एकच धड रंगीत फोटो उरला, तोही इतका जुना की कपडे, केस, मागची भिंत, सगळं गुलाबी पडलेलं. सूनबाई तो नुसता घेऊन बसायची. सासूबाईंनी एक दिवस तो तिच्या हातातून काढूनच घेतला आणि कामाला लागल्या. काम अर्ध्यावर आलं आणि त्यांचा जुना मॉनिटर गेला. चालू केला की क्षणभर उजळायचा, मग ठार काळोख.

चिरंजीव उत्साही प्राणी. त्यानं लगोलग नवाकोरा रुंद पडदा आणून जोडला. सासूबाईंनी त्यावर फोटो पुरा केला, छापून आणला. सूनबाई म्हणाली, छान झालाय. पण परक्याच्या घरच्या चहाला ती ज्या आवाजात छान म्हणते, त्याच आवाजात म्हणाली. विहीणबाई त्यांच्याही चांगल्या ओळखीच्या. फोटोतली बाई विहीणबाईंची चुलत बहीण वाटत होती, आणि कुठं चुकलं ते काही केल्या सापडेना.

मग त्यांनी जाहीर केलं, की आपले डोळे गेले. गिऱ्हाइकांचे फोटो परत देण्यासाठी पिशवीत भरले. चिरंजीव म्हणाला, बरंच झालं, आता आराम कर. मेल्याला एवढंही कळू नये, की आईला आराम नको होता, डोळे हवे होते. पडद्याला दोष द्यावा, तर ती म्हण आड येत होती.

सूनबाई दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करायची. बोलायची कमी. सुट्टीच्या दिवशी सकाळी तिनं शिवणाचा डबा खिडकीत उपडा केला आणि गुलाबी रिळं तेवढी फिक्याकडून गडदकडे लावून द्या म्हणाली. हा काय पोरखेळ, असं पुटपुटत सासूबाईंनी ती लावली. वर, दोन रिळं सूनबाईला एकाच रंगाची वाटत होती, त्यांतलं एक उचलून हे दुसऱ्या कारखान्याचं आहे म्हणून बाजूला टाकलं. सूनबाईनं दोन्ही रिळं उलटून चिठ्ठ्या पाहिल्या. खरंच होतं.

“डोळे ठणठणीत आहेत, आई,” ती म्हणाली. “कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं.”

सासूबाई रिळं पुन्हा डब्यात भरू लागल्या.

सूनबाईनं जुना मॉनिटर चालू केला, तो विझल्यावर काचेवर बॅटरीचा तिरका झोत टाकला. काळोखात अगदी पुसट विहीणबाई दिसल्या. चित्र जागच्या जागी होतं, गेला होता तो मागचा उजेड. पडद्याच्या वरच्या-खालच्या कडांना काडीएवढ्या बारीक दिव्याच्या नळ्या असतात, त्यांतली एक टोकाला काळी पडली होती. नवी नळी मिळाली असती, पण ती पांढरीफटक. सासूबाईंचा पडदा वर्षानुवर्षं जळून पिवळसर झाला होता, आणि त्यांचा डोळा त्या पिवळ्यातच मुरला होता. त्यावर किती गुलाबी दिसलं म्हणजे कागदावर किती उतरतं, हे त्यांना न मोजता कळायचं. म्हणून सूनबाईनं भंगारवाल्याकडची थप्पी उपसून त्याच वयाचा एक मॉनिटर शोधला. त्याची काच फुटली होती, नळ्या शाबूत होत्या.

आणि मग सासूबाई नुसत्या बघत राहिल्या. काय ते हात! चौकटीच्या प्लास्टिकच्या कड्या सोडवताना एकही मोडली नाही. जुन्या दोन्ही नळ्या निघाल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या सरकल्या, त्याही फुंकर घातली तर मोडतील अशा. दुसरी जोडी कुठं मिळायची नव्हती. सासूबाईंनी श्वास रोखला होता आणि सूनबाई मात्र पोळपाटाशी बसल्यासारखी निवांत. तारा डाख देऊन जोडून झाल्यावर तिनं बटण दाबलं. पडदा उजळला आणि उजळलेलाच राहिला. सासूबाई लगेच बसणार, तोच सूनबाई म्हणाली, चहा घेऊ आधी. पडदा तापल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही, हा सासूबाईंचाच नियम. तो हिनं कधी टिपला कोण जाणे.

चहा झाला. सासूबाई बसल्या आणि पाहताक्षणी त्यांनी कपाळावर हात मारला. नव्या पडद्यावर त्यांनी सगळा गुलाबी एकाच झाडूनं झाडून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी नवा कागद सूनबाईच्या हातात आला. ती पाहत राहिली. मग तिचं बोट विहीणबाईंच्या नाकाच्या शेंड्यापाशी थांबलं.

“हे लाल...”

“ते ठेवलंय,” सासूबाई म्हणाल्या. “बाकीचा गुलाबी फोटोचा होता. हा तिचा. बारा महिने सर्दी असायची तिला.”

सूनबाई हसली आणि हसता हसताच रडायला लागली. आई गेल्यापासून ती कुणासमोर रडली नव्हती. तशीच ती जवळच्या खुर्चीत बसली. ती सासूबाईंची कामाची खुर्ची. चिरंजीवालाही तिथं टेकायची मुभा नव्हती.

सासूबाई तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. दारात येऊन चिरंजीवानं विचारलं, आता नव्या पडद्याचं काय करायचं?

“तो तू बघ,” सासूबाई म्हणाल्या. “आणि ती पिशवी इकडे आण. परत नाही द्यायचे फोटो.”