लपवलेली स्थळं

सुचेताचं डोकं फिरलं ते मंडळाच्या एका कागदावरून. २००७ साल. रत्नागिरीकरांच्या मंडळाला वधू-वरांची वेबसाइट हवी होती, आणि भाईंदर पूर्वेत हे काम येणारी त्यांच्या ओळखीची एकटी तीच. साधी पानं लिहायची आणि इंटरनेटवर चढवायची. यादी चाळणं, नावं लपवणं, फॉर्म तपासणं, सगळं बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्येच, चाळीसेक ओळींच्या जावास्क्रिप्टवर. हौसेनं घेतलं होतं तिनं काम.

आणि कागदावर अध्यक्ष बाबाजी धनावडे यांनी काय लिहून पाठवावं? मुलींच्या फॉर्ममध्ये ‘पहिलं लग्न की पुनर्विवाह’ हा रकाना सक्तीचा. पुनर्विवाहाच्या मुली यादीत दिसायच्या नाहीत, कोणी मुद्दाम मागितल्या तरच दाखवायच्या. मुलांच्या फॉर्ममध्ये मात्र हा रकानाच नको.

“असं का हो, काका?” तिनं फोनवर विचारलं.

“अगं, तसली नावं आधी दिसली की लोक साइट बंद करतात. मुलांचं चालून जातं.”

तसली नावं म्हणजे तिची सख्खी बहीण उर्मिला. नवरा अपघातात गेला तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. चार वर्षं नाही-नाही म्हणत होती, आणि आत्ता कुठे, सुचेतानं पिच्छा पुरवल्यावर, फोटो द्यायला तयार झाली होती. फॉर्मवर तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: पती वारले, एक मुलगी, मुलगी माझ्याजवळच राहील. काही म्हणून झाकलं नव्हतं. आणि हिलाच झाकून ठेवायचं? कुठला न्याय हा? तिनं सरळ दोन्ही पानांना अटींची एकच फाईल जोडली. जी अट मुलींना, तीच मुलांना.

रविवारी इंद्रलोकमधल्या हॉलवर मंडळी जमली. प्रोजेक्टर लागला. मुलींचे कागदी फॉर्म सुचेतानं आधीच चढवले होते; हॉलवर पहिला फॉर्म भरायचा मान अर्थातच अध्यक्षांचा. त्यांनी आपल्या मुलाचा, साईराजचा भरायला घेतला. शिक्षण, उंची, नोकरी, बेव्हर्ली पार्कात स्वतःचा फ्लॅट. बटण दाबलं, तर भिंतीवर लाल अक्षरं आली: ‘पहिलं लग्न की पुनर्विवाह, हे भरा.’

काकांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. साईराजच्या पहिल्या लग्नाचं जेवण अर्धा हॉल जेवून आला होता. अकरा महिन्यांत पोरगी माहेरी गेली आणि रीतसर घटस्फोट झाला, हेही सगळ्यांना ठाऊक.

“मुलांना हे नको म्हणून सांगितलं होतं ना तुला?”

“सांगितलं होतं, काका. मला पटलं नाही.”

“तुला पटायचा काय संबंध? काढ ते.”

“काढते. पण दोन्ही पानांना फाईल एकच आहे. मुलांची अट निघाली की मुलींचीही निघेल आणि लपवलेल्या सगळ्या दिसतील. चालेल?”

बाबाजींनी भिंतीकडे पाहिलं. वर मुलाचं नाव, खाली ती लाल अक्षरं, आणि समोर अख्खं मंडळ.

“काढ म्हटलं ना,” ते कपाळ पुसत म्हणाले.

सुचेतानं नोटपॅडमध्ये फाईल उघडली, सगळ्यांदेखत त्या ओळी पुसल्या आणि मुलींचं पान पुन्हा उघडलं. यादीतल्या एकतीस मुलींच्या अडतीस झाल्या. सात जणी दडपून ठेवणार होते हे लोक, आणि वर समाजकार्य म्हणून सत्कार करून घेणार होते.

पहिल्या रांगेतल्या मनोरमाबाई चष्मा सावरत मोठ्यानं वाचू लागल्या. “पती वारले, एक मुलगी, मुलगी माझ्याजवळच राहील.” त्या थांबल्या. “स्पष्ट लिहिलंय हो हिनं. कोण ही उर्मिला?”

मागच्या रांगेत खुर्ची सरकली.

“मी,” उर्मिला उभी राहून म्हणाली.