सकाळचं मौन

पियूला गाण्याला घालायचं एवढं घरात ठरलं होतं, पण कुठं घालायचं याचा खल काही संपत नव्हता.

"महाराजाकडं घाला. पेटी शिकंल, भजन म्हणंल, देवाचं नाव कानावर पडंल," नंदाबाई नातीच्या डोक्याला तेल लावत म्हणाल्या. बदनापुरात त्यांच्या घरामागच्या मारुतीच्या देवळात एक महाराज लेकरांना पेटी शिकवत. "ते पियानो शिकून काय करायचंय? वरातीत वाजवायला जायाचंय का?"

"आई, जालन्याच्या मॅडम बारक्या लेकरांनाच शिकवतात. खेळवत खेळवत," कल्याण म्हणाला. "आमच्या साहेबांची पोरगी जाती तिथं. आधी तोंडातून शब्द निघत नव्हता तिच्या. आता चूप बस म्हणलं तरी बसंना."

हे शेवटचं बोलणं दैवशालानं पोळी लाटता लाटता ऐकलं आणि तिचं लाटणं थांबलं. पियूला चौथं वर्ष लागलं होतं. ती अजून बोलत नव्हती. 'बा', 'मं' असं काहीबाही तोंडातून यायचं, पण ते हाकेसारखं नसायचं.

"हिचा बापबी असाच उशिरा बोल्ला," नंदाबाई म्हणायच्या. "आता बघ, कसा बडबड करून राह्यलाय."

मागच्या नवरात्रात दैवशाला माहेरी, पिंपळगाव रेणुकाईला गेली होती. ओटी भरून झाल्यावर तिनं देवीपुढं पदर पसरला. आई, माझ्या लेकराची वाचा फुटू दे. तिच्या वाचेसाठी माझी वाचा तुझ्या पायाशी ठेवते. ती मला 'आई' म्हणेपर्यंत रोज सकाळी पूजा होऊन नैवेद्य दाखवल्याशिवाय मी तोंडातून शब्द काढणार नाही.

तेव्हापासून त्या घरातली सकाळ खुणांवर चालायची. बोटं कळीसारखी मिटली की परडी, तळहातावर तळहात घासला की वाती. दैवशालानं नुसता हात हलवावा आणि पियूनं ती वस्तू आणून द्यावी. शेजारच्या उषाबाई बोलत बोलत आत आल्या की पियू धावत जाऊन त्यांच्यापुढं उभी राही, ओठांवर बोट ठेवी आणि आईकडं दाखवी. उषाबाई हसून लोटपोट व्हायच्या. "बया बया! आईचा नेम आईपेक्षा हीच पाळून राह्यली की!" अशा शहाण्या लेकरात काही उणं असेल असं कोणाच्या मनात तरी कसं यावं?

आधी महाराजांकडं नेलं. टाळकऱ्यांसमोर बसून पियूनं अशा बराबर टाळ्या धरल्या की महाराजांनी पेटीवरचा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. "पोरीला ताल उपजतच हाय, माय." नंदाबाईंचा ऊर भरून आला. तरी दैवशाला दबक्या आवाजात म्हणाली, "आत्याबाई, एकदा जालन्याचंबी बघून येऊ. मंग तुम्ही म्हणाल तिथं."

मॅडमचं नाव मीना. त्यांच्या बैठकीत भिंतीला लागून उंच लाकडी पियानो होता, त्यांच्या वडिलांनी हैदराबादहून आणलेला. पाच-सहा लेकरं होती. पियानो वाजेल तोवर चालायचं, थांबला की पुतळा व्हायचं, असा खेळ होता. पियूही चालली, पियूही पुतळा झाली. फक्त सगळ्यांच्या मागून, जरासं उशिरा. कल्याणनं दैवशालाला कोपरानं ढोसलं. "बघ, कशी शिकली जल्दी."

मग मॅडमनी लेकरांना भिंतीकडं तोंड करून बसवलं. आवाज आला की हात वर करायचा. सूर वाजला, हात वर गेले. पियूचा हात वर गेला नाही. ती भिंतीवरच्या भेगेत नख घालत होती.

"नवीन हाय, मॅडम," कल्याण म्हणाला. "तिला खेळ समजला न्हाई."

मॅडमनी पुन्हा वाजवलं, जोरात. मग बाकीच्या लेकरांना अंगणात पाठवून पियूला जवळ घेतलं आणि तिचा तळहात पियानोच्या लाकडावर टेकवून एकदम जाडा सूर दाबला. पियू दचकली. हाताकडं पाहिलं, लाकडाकडं पाहिलं आणि अशी हसली की दैवशालाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा, ऐकू आलं ना तिला!" ती म्हणाली.

मॅडमनी पियूचा हात अलगद लाकडावरून उचलून आपल्या हातात घेतला आणि तोच सूर पुन्हा दाबला. खोली भरून गेली. पियू लाकडाकडं पाहत वाट बघत राहिली.

"ताई, हिचे कान दाखवलेत का कुठं?"

"तिला सगळं कळतं हो," दैवशाला म्हणाली.

"कळतंच. हुशार आहे फार. पण ऐकू येतं का, ते आधी बघा. शिकवणीचं आपण नंतर ठरवू."

बदनापूरपर्यंत कल्याण एकसारखा बोलत होता. "ती काय डॉक्टर हाय? दोन मिनिटांत सांगती! महाराजांनी उगंच ताल हाय म्हणलं का?" नंदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पियूची दृष्ट काढली. "उद्यापासून देवळातच पाठवायची. बिलकुल जायचं न्हाई त्या बाईकडं."

दैवशालाला टाळकऱ्यांचे हात आठवत होते. त्या हातांवर खिळलेले पियूचे डोळे आठवत होते. आपण सकाळी तोंड मिटून घेतलं आणि लेकराला खुणा शिकवल्या. लेकरू खुणांना धावून येत गेलं, आणि आपण देवीचे उपकार मानत राहिलो. दुपारी जेवायला बोलवतानाही आपण समोर जाऊन हात धरतो. पाठीमागून हाक अशी तिला कधी मारली?

सकाळी पियू नेहमीसारखी देवघरापुढं बसली होती. दाराकडं पाठ, वेणीला लाल रिबीन. वाती ओळीनं मांडत होती. नैवेद्याचा साखरभात अजून चुलीवरच होता. दैवशाला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. देवीच्या तसबिरीकडं तिनं एकदा पाहिलं आणि तोंड उघडलं.

"पियू."

आवाज घोगरा निघाला. पियू वाती मांडतच होती.

"पियू! ए पियू!"

खिडकीतली चिमणी उडाली. मग दैवशालानं मारली ती हाक राहिली नाही, किंकाळीच झाली. न्हाणीघरातून नंदाबाई ओल्या लुगड्यानं धावत आल्या. "अगं बाई! मौन मोडलं का गं? असं काय झालं?"

पियूनं शेवटची वात ताटलीत ठेवली. आता परडी द्यायची म्हणून ती मागं वळली आणि तिला आईचं उघडं तोंड दिसलं. हलणारे ओठ दिसले. तिचा चेहरा एकदम गंभीर झाला. घाईघाईनं ती उठून आली, आईपुढं उभी राहिली, एका हातानं देवघराकडं दाखवलं आणि दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवून मान हलवली.

आई थांबेना, म्हणून तिनं टाचा उंचावल्या आणि ते बोट आईच्या ओठांवर ठेवलं.