नर माशी

सेलूच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी अपेक्षा बोरीला माहेरी आली ती एका माशीसाठी. शेतातल्या विहिरीजवळच्या अळूच्या पानांवर मागच्या खेपेला तिला हिरव्या-सोनेरी अंगाच्या, लांब पायांच्या माशा दिसल्या होत्या. पकडल्या त्या सगळ्या माद्या निघाल्या. जात ठरवायची तर नरच हवा, कारण खूण त्याच्या पुढच्या पायावर असते. जिल्ह्यात या माशीची नोंद कुणी केलेली नव्हती.

आता त्या पानांवर औषधाचे पांढरे डाग होते.

"बापू, इथं कुणी फवारलं?" तिनं वडलांना विचारलं.

"मीच. कपाशीला मारून पंपात उरलं होतं."

"फोनवर बजावलं होतं ना, इथं मारू नका म्हणून! त्या माशा उलट पिकावरची मावा कीड खातात."

"आगं, माशीच हाय ती. माशी माराया बी पोरीला इचारावं का?"

अपेक्षाचं डोकं सणकलं. "माझं कधी ऐकलंच न्हाई तुमी!" असं ओरडून ती चिखलात बसली. मेलेल्या माशा चिमट्यानं उचलून भिंगाखाली धरू लागली. बऱ्याच वेळानं एकीच्या पुढच्या पायावर काळ्या केसांची झालर दिसली. नर सापडला, जात पटली. पण राग काही उतरला नव्हता.

नोंदीत तिनं गाव लिहिलं, तारीख लिहिली, पुढं लिहिलं, 'फवारणीत मेलेला.'

"माझं नाव नको टाकू त्यात," बापू हळूच म्हणाले.

"शेत तुमचंच हाय ना?" ती म्हणाली, आणि तिनं त्यांचं पूर्ण नाव लिहिलं.