हाजराबीचा चर

जवळा बाजारची हाजराबी पिंजारीण कापूस पिंजून गाद्या भरायची. घर बाजारतळाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. ओढ्याच्या वाळूत झिरा होता. निम्मं गाव त्याचंच पाणी प्यायचं. आठवडी बाजार उठला की तळावर शेण, सडकी भाजी, कोंबड्यांची पिसं पडून राहत आणि पाऊस आला की सगळं वाहून झिऱ्यात उतरे. एकोणीसशे चाळीसच्या पावसाळ्यात पटकीची साथ आली. हाजराबीची सून नजमुन्निसा दोन दिवसांत गेली.

चाळिसावा झाल्यावर हाजराबी पाटलाकडे गेली.

"उतारच तसा हाय," पाटील म्हणाला. "पाण्याला कोण आडवणार?"

"आडवायचं न्हाई. वळवायचं."

तळाच्या कडेला सोनाजीचं मुरमाड रान पडीक होतं, त्यात जुनी खदान. तिथवर चर खणायचा, असं तिच्या मनात होतं. सोनाजी भडकला.

"बाजाराची घाण माझ्या रानात? काहून?"

त्याची बायको चतुराबाई दारातच उभी होती. "नजमुन्निसा माझ्यासंगंच पाणी भरायची," ती म्हणाली. "तिनं पेलं तेच आपण पेलो. आपण वाचलो, एवढंच."

सोनाजीनं दारातल्या घागरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "खदान घ्या. पण मी कुदळ उचलणार न्हाई."

फाल्गुनात हाजराबीनं एकटीनं खणायला घेतलं. येणारेजाणारे हसायचे. चौथ्या दिवशी चतुराबाई टोपलं घेऊन आली. मग तिच्या आळीतल्या, मग हाजराबीच्या मोहल्ल्यातल्या. रोहिण्या निघेपर्यंत दोनशे पावलं लांबीचा, कमरेइतका खोल चर तयार झाला.

आषाढात नेमका भर बाजारात पाऊस कोसळला. तळावरचं पाणी काळंशार होऊन चरात शिरलं, पण वाहत आलेला कडबा खदानीच्या तोंडाशी अडकला. पाणी तुंबलं, चराच्या बांधावरून ओढ्याकडे सांडू लागलं.

हाजराबीनं सरळ आत उडी घेतली. कमरेच्या वर पाणी. दोन्ही हातांनी कडबा ओढताना तिचा पाय घसरला, तेवढ्यात कुणीतरी दंड धरला. सोनाजी होता, हातात फावडं.

"बी, तुमी वरून ओढा! खालचं मी बघतो!"

फावड्याच्या तिसऱ्या घावाला बोळा फुटला आणि सगळं पाणी धडाडत खदानीत कोसळलं. बाजारकऱ्यांनी एकच आरोळी ठोकली. चिखलानं माखलेली हाजराबी बांधावर बसून हसत होती, रडतही होती.

ओढा ओसरल्यावर झिऱ्याच्या बुडाची वाळू स्वच्छ दिसली. पहिली ओंजळ बायांनी हाजराबीलाच प्यायला लावली. त्या साली गावात पटकी आली नाही.

दिवाळीनंतर पुसेगावची माणसं चर बघायला आली. "कुणाच्या हुकमानं खणला?" त्यांनी विचारलं.

चतुराबाईनं पदर खोचला. "हुकूम कशाचा? आमी खणला. चला, दाखवते."