डोळ्यांपुरतंच

चिझुरु पोचली तेव्हा डॉक्टर कुवाबाराबाईंनी कागद आधीच मांडून ठेवला होता. जपानमधल्या कोबेच्या या प्रयोगशाळेला तिच्या आईने, फुसाएने, सहा वर्षांपूर्वी दंडाच्या कातडीचा तुकडा दिला होता. त्यापासून इथे डोळ्याच्या पडद्याच्या पेशी वाढवल्या. आई मार्चमध्ये गेली, रिवाजाप्रमाणे एकोणपन्नासाव्या दिवशी अस्थी पुरून झाल्या. पेशी मात्र इथल्या उबदार कपाटात जिवंत होत्या. आता डोळ्यांचं काम संपलं होतं, आणि त्याच कातडीपासून मेंदूच्या पेशींचे गोळे वाढवायला परवानगी हवी होती. मुलीने ती दिली नाही, तर सगळं नष्ट करणार.

मावशीने निघताना बजावलं होतं, "सहीचा शिक्का मारून मोकळी हो. तुझ्या आईने जन्मात कुणाला नाही म्हटलंय? शेजारणीला छत्री देऊन स्वतः भिजत यायची."

चिझुरुने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. फरशीसारख्या एकमेकींना बिलगलेल्या तपकिरी पेशी. तिला नजर काढवेना.

"त्या गोळ्यांना काही जाणवेल?"

"आज वाढवतो तेवढ्यांना नाही, असं वाटतं," कुवाबाराबाई म्हणाल्या. "किती वाढवले की जाणवेल, ते मला सांगता येणार नाही."

चिझुरुने आईचं जुनं संमतिपत्र मागितलं. संगणकावरच्या प्रतीत 'इतर संशोधन' या ओळीवर नुसता काळा डाग होता. प्रत खराब निघाली, म्हणूनच पुन्हा विचारतोय, असं बाई म्हणाल्या. मग त्यांनी फायलींमधून मूळ कागद काढला.

त्या ओळीवर पट्टीने ओढलेल्या दोन रेघा होत्या आणि रेघांवर आईचा बारका लाल शिक्का. बँकेत, पोस्टात, खोडलेलं आपणच खोडलंय हे सांगायला आई तोच वापरायची. बाईंनी मान खाली घातली.

"हे आमच्या लक्षात यायला हवं होतं."

चिझुरुने पिशवीतून स्वतःचा शिक्का काढला. होकार दिला असता तर आईचं एवढंसं काही त्या उबदार कपाटात राहिलं असतं. तिने नव्या कागदावरच्या परवानगीच्या ओळीवर पट्टी ठेवली, दोन रेघा ओढल्या आणि शिक्का दाबला. तो जरा तिरका उमटला.

"कधी करणार?"

"गुरुवारी सकाळी. मी स्वतः करीन."

"मी आले तर चालेल?"

"नऊच्या आत या."

स्टेशनवरून तिने मावशीला फोन लावला. झालं का काम, मावशीने विचारलं.

"आई नाही म्हणाली होती, मावशी. कागदावर आहे." मग तिने गुरुवारचं सांगितलं.

मावशीने वेळ विचारून घेतली.

"मीही येते," मावशी म्हणाली.