अणुबाबाची कांडी

चामोर्शीच्या आठवडी बाजारात त्या दिवशी धानाचे सौदे थांबले होते. सगळी गर्दी अणुबाबाभोवती. बाबाने काळी कांडी मृगाजिनावर घासली, आजाऱ्याच्या अंगावरून फिरवली आणि परातीतल्या कोंड्यावर धरली. कोंडा टणाटण उडून कांडीला चिकटला.

"पाहा! बॉम्बमधी जो अणू, तोच माह्या कांडीत! रोग खेचून राह्यला!"

लोक पाया पडत होते. मला हसू येत होतं. मग आमच्या गावच्या लटारूची मुलगी कमळा दिसली आणि हसू विरलं. हिवतापाने ती पोर गोधडीत कुडकुडत होती. तिच्या आईने, शकुबाईने, दवाखान्यातल्या कोयनेलच्या गोळ्या नाल्यात फेकल्या होत्या. बाबाचाच हुकूम! "गोळीनं अणू रुसते," म्हणे.

तेवढ्यात शाळेतले विज्ञानाचे इसरू मास्तर पुढे झाले. आपलं काळं फाऊंटन पेन त्यांनी लोकरीच्या मफलरवर घासून कोंड्यावर धरलं. कोंडा उडाला.

"मास्तरलेही सिद्धी हाये!" बाबा लगेच ओरडला.

"मंग शकुबाई, तुमीच घासा," म्हणत मास्तरांनी पेन मफलरसकट तिच्या हाती दिलं.

तिच्या हातानेही कोंडा उडाला. गर्दी परातीकडे सरकली.

मास्तर म्हणाले, "अणू बाबाच्या कांडीतच नाई, तुमच्या-माह्या अंगात हाये, या कोंड्यातही हाये. अणूच्या मधात जड केंद्रक, त्यात धनभाराचे प्रोटॉन. भोवती हलके इलेक्ट्रॉन, ऋणभाराचे. घासलं का लोकरीतले थोडे इलेक्ट्रॉन पेनावर येते. त्या भारानं कोंडा ओढला जाते. ताप नाई ओढला जात."

शकुबाई पेनाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हंजे मास्तर, मी फेकल्या त्या गोळ्याच खऱ्या होत्या?"

मास्तरांनी मान डोलावली. बाबाने मृगाजिन गुंडाळलं आणि तो निघाला. त्याला कुणी अडवलं नाही.

लटारूने गाडी जुंपली. दवाखान्यात पोचेपर्यंत कमळाची शुद्ध हरपली होती. डॉक्टर संतापले, पण हात थांबवले नाहीत. पोर वाचली. ताप मात्र मेंदूपर्यंत गेला होता. आता ती आईला ओळखते, हसते, बोलत नाही. शकुबाई दिवसभर तिच्याशी एकटीच बोलते.

बाबा पुढे वरोऱ्याच्या बाजारात दिसला, असं ऐकतो. तुमच्या गावी आला, तर पाया पडण्याआधी विचारा, हे होतं कसं? उत्तर मिळो न मिळो, लेकराचं औषध मात्र बंद करू नका.